वॅफलची वर्तणूक उत्तम

रविवार, ८ फेब्रुवारी. किंगमन, घरी.

ग्लेंडाचा फोन. घटस्फोटाला अकरा महिने झाले तरी सूर तोच. तिला नवा फ्लॅट मिळालाय, तिथे कुत्रं ठेवायला परवानगी आहे. म्हणून वॅफल हवी! मी म्हटलं, अकरा महिने मी सांभाळली, आता कशी आठवण झाली? तर म्हणते, "सांभाळलीस? तिला एका वेळेला किती वाटी खायला लागतं, सांग बघू." मी म्हटलं, पुरेसं.

शेवटी सौदा ठरला. दर फेब्रुवारीत आम्ही तिघं लॉफ्लिन या जुगाराच्या गावी जायचो, नदीकाठच्या सिल्व्हर हेरॉन हॉटेलात, स्लॉट मशीनच्या स्पर्धेला. यंदा मी आणि वॅफल दोघंच जायचं. मंगळवार ते शनिवार नीट राहून आलो तर वॅफल कायमची माझी. हॉटेलने मध्येच बाहेर काढलं तर ग्लेंडाची.

हसूच आलं. एकतीस वर्षं मी ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. एका न्यायाधीशाला नापास केलंय, सख्ख्या मेव्हण्याला दोनदा. आणि मला नियम जमणार नाहीत?

फोन ठेवल्यावर वॅफल येऊन माझ्या बुटावर हनुवटी टेकून झोपली. नऊ वर्षांची बीगल, पोट सुटलेलं. ही गेली तर घरात मी आणि टीव्ही. फ्रिज उघडून बराच वेळ उभा राहिलो. बहुधा भूक असावी.

मंगळवार, १० फेब्रुवारी. दुपारी १२. हॉटेल.

काउंटरवर मॅनेजर मिसेस ओकॅम्पो. गोड बाई, पण नियमांचा कागद फारच ढिला. मी तिथेच उभं राहून पूर्ण वाचला, मोठ्याने. मागे रांग होती. चार ठिकाणी लाल पेनाने सुधारणा सुचवल्या. बाई म्हणाल्या, "मिस्टर स्टॅम्पर, सही तेवढी करा हो."

मुद्दे: कुत्र्याने फरशीवरून चालायचं. गालिचा लागला की जुगाराचा हॉल सुरू, तिथे कुत्र्याला बंदी. अपवाद फक्त अपंग माणसाचं काम करायला शिकवलेल्या कुत्र्याचा. खोलीत एकटं ठेवायचं तर पिंजऱ्यात, आणि आवाज नको. तीन तक्रारी झाल्या की खोली रिकामी करायची.

दुसऱ्या संपर्काच्या रकान्यात ग्लेंडाचा नंबर टाकला. रकाना रिकामा सोडणाऱ्यांचे मी नेहमी गुण कापत आलोय.

दुपारी ३. वॅफल झोपलीय. मी बर्फ आणायला चार वेळा जाऊन आलो. बर्फ कशाला हवाय, माहीत नाही. नुसतं बसवत नाही.

दुपारी ४. वॅफल ताडकन उठली आणि दाराशी जाऊन उभी. पाच मिनिटं ढिम्म हलली नाही. घरीही रोज हेच. वाईट सवय. मोडायलाच हवी. मी स्वतः मशीनवर कितीही रंगात असलो तरी चारच्या ठोक्याला उठायचो, दरवर्षी. त्याला म्हणतात शिस्त.

बुधवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ११.३०.

प्रशिक्षण सुरू. बस, थांब, गप्प. चाळीस मिनिटं. वॅफलने एक डोळा उघडला, मिटला. उद्या सुधारेल.

दुपारी १. पहिली तक्रार. खालच्या खोलीतून. आवाजाची! मी ओकॅम्पोबाईंना म्हटलं, कुत्री तोंडातून चकार शब्द काढत नाही. त्या म्हणाल्या, "कुत्रीची नाहीच हो तक्रार. कोणीतरी पुरुष तासभर 'गप्प! गप्प!' म्हणून ओरडतोय, असं खालचे म्हणतायत." तास नव्हे, चाळीस मिनिटं. दुरुस्त करायला लावलं.

ही तक्रार धरायची नाही. तांत्रिक आहे.

दुपारी ३.३०. स्पर्धेची पहिली फेरी हुकली. वॅफलला पिंजऱ्यात ठेवलं, ती मुकाट्याने शिरली, आणि माझाच पाय निघेना. तिला वाईट वाटलं असतं. (घोरत होती. पण मनातून वाटलं असतं.)

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ९.

कुत्र्यांच्या हिरवळीवर अंदाधुंद कारभार. कोणी कुत्र्याची घाण उचलतं, कोणी तिसरीकडेच बघतं. आपण गप्प बसणाऱ्यांतले नाही. घरून ड्रायव्हिंग परीक्षेची जुनी गुणपत्रकं आणली होती. 'इंडिकेटर' खोडून 'शेपूट' लिहिलं आणि वाटली. अकरा कुत्र्यांपैकी नऊ नापास.

सगळ्यात आडमुठा एक काळा लॅब्राडोर, नाव कर्नल. मालकीण मिस हॅटी, वय झालेल्या बाई, काळा चष्मा. मी कर्नलला शीळ घातली, चुटक्या वाजवल्या, खिशातलं बिस्किट नाचवलं. ढुंकून बघितलं नाही. 'प्रतिसाद: शून्य' लिहून पत्रक बाईंच्या हातात दिलं.

दुपारी १२. दुसरी तक्रार. मिस हॅटींना दिसत नाही. कर्नल त्यांना रस्ता दाखवतो. त्यांनी पत्रक काउंटरवरच्या माणसाकडून वाचून घेतलं म्हणे. लिफ्टपाशी भेटल्या तर मला म्हणाल्या, "अहो, तो कामावर असतो. तुम्ही परीक्षा घेत असताना कोणी तुमच्यासमोर शिट्या मारल्या असत्या तर?" मी म्हटलं, नापास केलं असतं. म्हणाल्या, "मग करा स्वतःला."

रागाने लिफ्ट सोडून जिन्यानेच वर आलो. आपलं चुकलंच होतं, हे इथे लिहून ठेवतो. बाहेर सांगणार नाही.

दोन झाल्या. आता एकही नको. उरलेले दोन दिवस खोलीतून हलायचं नाही. लेखी संकल्प.

दुपारी २. संकल्पात बदल. खोलीत जीव घुसमटतोय. खिडकी ते दार सात पावलं. दार ते खिडकीही सातच, चार वेळा मोजली. उद्या शेवटची फेरी आहे, पावणेचारला. ती खेळलो नाही तर आलो कशाला? आणि वॅफलला एकटं सोडवत नाही, हे कालच सिद्ध झालंय. म्हणजे दोघांनी जायचं.

बॅगेत एक लाल जॅकेट आहे, कुत्र्यांचं. इंटरनेटवरून मागवलेलं. त्यावर 'सेवेत' एवढंच छापलंय. कोणाच्या, ते लिहिलेलं नाही. म्हणजे खोटं काही नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. सकाळी १०.

तयारी. नियम पाठ आहे: हॉटेलवाले दोनच प्रश्न विचारू शकतात. एक, अपंगत्वामुळे कुत्रं लागतं का? दोन, कोणतं काम शिकवलंय? कागद मागता येत नाही, करून दाखव म्हणता येत नाही. पहिल्याला 'गुडघा' म्हणेन. दुसऱ्याचं ऐन वेळी सुचेल.

संध्याकाळी ५. मांडीवर वही धरून लिहितोय, अक्षर खराब.

पावणेचारला गालिच्यावर पाऊल ठेवलं. वॅफल जॅकेटात मोठी रुबाबदार. मशीनवर बसलो. तेवढ्यात सिक्युरिटीचा लॉनी आला. धिप्पाड गडी, आवाज मात्र मऊ. पहिला प्रश्न: गुडघा. दुसरा प्रश्न: "काम काय करते, साहेब?" डोकं रिकामं. तोंडातून निघून गेलं, "मला चार वाजता मशीनवरून उठवते."

लॉनीने लिहून घेतलं. गप्प बसायचं सोडून मीच म्हटलं, करून दाखवतो, दहा मिनिटं थांबा. तो म्हणाला, "साहेब, मला तसं विचारायची परवानगी नाही." मी म्हटलं, तुम्ही विचारत नाही, मी दाखवतोय, नियम नीट वाचा.

फेरी सुरू झाली. मी कधी नव्हे ते तिसऱ्या नंबरवर. चारच्या ठोक्याला वॅफल उठली. पट्टा ताणला. मी म्हटलं, एक मिनिट. तिने परत ओढलं. मी म्हटलं, बस! ती दाराकडे, मी मशीनकडे. शेवटी तिने सगळं वजन टाकलं, स्टूल आडवं झालं आणि मी गालिच्यावर. पडल्या पडल्या 'गप्प! गप्प!' असं ओरडलो म्हणे. वॅफल गप्पच होती.

लॉनीने मला उठवलं. म्हणाला, "तिने तिचं काम केलं, साहेब. उठला नाहीत ते तुम्ही."

तिसरी.

रात्री ८. लॉबी.

ओकॅम्पोबाईंनी दुसऱ्या संपर्काला फोन केला. ग्लेंडा आली. मी बाजू मांडली: पहिली तक्रार तांत्रिक, दुसरी गैरसमज, तिसरी सादरीकरणातली अडचण. ती शांतपणे ऐकत होती, हे मला कधीच आवडलं नाही.

मी म्हटलं, मुळात कुत्रीला चारची ती वाईट सवय नसती तर काही झालं नसतं. माझ्यासारखी शिस्त हवी.

ग्लेंडा म्हणाली, "ऑर्व्हिल, तू कधी आपणहून उठलायस? रोज चारला आम्ही दोघी फरशीच्या कडेला येऊन उभ्या राहायचो. ही एकदा भुंकायची, मग तू वर बघायचास. सात वर्षं. मी गेले, पण हिला वाटतं तिचं काम अजून चालूच आहे."

पट्टा तिच्या हातात दिला. सौदा म्हणजे सौदा.

वॅफल गाडीत पुढच्या सीटवर बसली. मी ग्लेंडाला सांगितलं की कुत्र्याने मागे बसायचं असतं. काच वर गेली.

सोमवार, १६ फेब्रुवारी. दुपारी ४. घरी.

हॉटेलचं पत्र आलं. 'वॅफलची वर्तणूक उत्तम. तिचे पुन्हा स्वागत आहे, सोबत कोणीही अन्य प्रौढ व्यक्ती असावी.' अन्य शब्दाखाली रेघ. मला वर्षभर बंदी. लाल पेन घेऊन चुका शोधल्या. एकही नाही.

चार वाजले तशी चुळबुळ सुरू झाली. उठलो. दारापर्यंत गेलो. खुंटीवर पट्टा नाही. ग्लेंडाला फोन लावला. आधी विचारलं, किती वाटी? ती म्हणाली, "एक, सकाळ-संध्याकाळ. तू तीन घालत होतास." मग विचारलं, काय करतेय? म्हणाली, "काय करणार, दाराशी जाऊन उभी आहे. हाक मारली तरी येत नाही."

मी म्हटलं, बघ, वाईट सवय. मोडायला हवी.

मीही दाराशीच उभा होतो, ते तिला सांगितलं नाही.