खिंडीतला वारा

११ डिसेंबर १९७२

वारा मोजायचा खांब उभा राहिला. तीस फूट. वर वाट्या फिरतात, तारेनं जोडलेल्या डबीत खाली आकडे सरकतात – किती किलोमीटर वारा वाहून गेला ते. खांब घेऊन आलेले सरकारी गिते साहेब म्हणाले, "सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला आकडा सरकारी वहीत लिहायचा, बाई. चुकवायचं नाही."

वस्तीवर सातवी झालेली मी एकटीच उरले आहे. दुष्काळानं शाळेला कुलूप. निम्म्या घरांनाही.

बोअरला एकशे दहा फुटांवर पाणी आहे. हातपंपाचे चार हंडे भरले की दंड उतरतात. वीज खाली साकूरपर्यंतच. वारा पुरेसा निघाला तर पवनचक्की बसेल, ती पाणी उपसेल. मग गेलेली माणसं परत येतील.

इसहाक येतील. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. इथं लिहिते.

१९ डिसेंबर

वारा ईशान्येचा. म्हणजे प्रवरेकडचा. इसहाक ऑक्टोबरपासून तिकडं एका साखर कारखान्यावर गवंडीकाम करतात. त्यांच्या अंगावरूनच आला असेल, असं वाटलं आणि आकडा लिहून झाल्यावरही खांबाजवळ उभी राहिले. शेजारची बनुबाई बघत होती. सत्तरी उलटली, पण नजर घारीची. "काय गं रिबका, त्या खांबात देव आला का काय?"

२५ डिसेंबर

नाताळ. रेशनच्या मिलोच्या, त्या लाल परदेशी ज्वारीच्या, भाकरीवर गूळ. एकटीनं प्रार्थना केली. गाणं म्हणायला घेतलं, दुसऱ्या ओळीला थांबले. ती ओळ ते म्हणतात.

आकडा लिहिला.

८ जानेवारी १९७३

ताशी सहा किलोमीटर. काल पाच. साहेबांनी सांगून ठेवलंय – सरासरी दहाच्या वर हवी, नाहीतर चक्की नुसती शोभेला.

१७ जानेवारी

पत्र आलं. "मी खुशाल आहे. काम आहे. तू कशी आहेस." बस. दहा वेळा वाचलं. पत्राला सिमेंटचा वास येतो. पाण्यावर गेले तेव्हा ब्लाऊजमध्ये ठेवलं होतं, घामानं शाई फुटली. 'तू' तेवढा नीट राहिला.

२६ जानेवारी

ताशी चार. बनुबाई पंपावर भेटली. तिचे दोन्ही मुलगे, सुना खडी फोडायला गेलेत, घोडनदीच्या पलीकडं. म्हणाली, "जरा वाढवून लिव की. कोन बघतंय? वारा काय साक्ष द्यायला येनार हाय?"

मी हंडा उचलला.

२७ जानेवारी

वाढवून लिहिला. शंभर किलोमीटर जास्त.

खरा आकडा या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. का, ते कळत नाही.

१२ फेब्रुवारी

पंधरा दिवस रोज वाढवतेय. आज संध्याकाळी डबीसमोर उभी राहिले आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. सरकारी वही डबीच्या दीड हजार किलोमीटर पुढं गेली आहे! साहेब येतील, डबीत वाकून बघतील, की झालं. एवढं साधं मला सुचू नये?

आता वादळ यावं, चार दिवस घोंघावावं, आणि डबीनं वहीला गाठावं. दोन वेळा प्रार्थना केली तशी. मग लाज वाटली – असल्या कामाला देवाला बोलवायचं.

वारा पडलेला. ताशी तीन.

२० फेब्रुवारी

साहेब आले. डबीत पाहिलं, वहीत पाहिलं. पुन्हा डबीत. मग दगडावर बसले आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला.

ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाई, मी पाथर्डीचा. आमची आई अजून ऊस तोडायला जाती. वारा नसला की काय वाटतं ते मला सांगू नका." तांब्या खाली ठेवला. "खोट्या आकड्यावर चक्की बसवली, तर मे महिन्यात ती फिरणारच नाही. तिच्या भरवशावर परत आलेली माणसं काय पितील?"

ती माणसं म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस होता. तहानलेला.

मी आत गेले आणि ही वही आणली. हातात दिली नाही. मागच्या पानावरचे आकडे एकेक वाचून दाखवले. साहेबांनी सरकारी वहीतले खोटे आकडे खोडून हे लिहिले, खाली सही केली. शेवटी म्हणाले, "वारा नाही इथं. महिनाअखेर खांब काढून नेऊ."

२१ फेब्रुवारी

भाकरी केली नाही. कुणासाठी करायची?

२४ फेब्रुवारी

बनुबाईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल. ती म्हणाली, "त्यो खांब तिथं रवला तवाच मला हसू आल्तं. डोंगराच्या आडोशाला कसला आलाय वारा? आमी उफनायला खिंडीत जातो. पुस म्हैन्यातबी तिथं भुसा डोळ्यात जातो."

"मग तेव्हा का बोलली नाहीस?"

"मला कोन इचारतंय?"

खरंच कुणी विचारलं नाही. मीही नाही. यंदा बाजरीच आली नाही, उफणायला कुणी खिंडीत गेलं नाही, म्हणून मलाही ती जागा आठवली नाही.

२५ फेब्रुवारी

दुपारी दोघी खिंडीत गेलो. चढावर बनुबाई तीनदा बसली. वर पोचलो तर पदर डोक्यावर ठरेना. बोललेलं ऐकू येईना. मी हसत होते की रडत होते, तिला कळलं नसेल.

आल्याबरोबर साहेबांना पत्र लिहिलं.

२ मार्च

साहेब खांब काढायला आले ते थेट खिंडीत गेले. हात वर करून कितीतरी वेळ उभे. मी म्हटलं, "पण बोअर तर खाली आहे." म्हणाले, "बोअर इथं नवं मारता येईल. वारा कुठं मारायचा?"

खांब खिंडीत लागला. एकच अट – वर्षभराचे आकडे. "मध्ये आठवडाभर जरी खंड पडला, तर वरचे लोक फाइल बंद करतील, बाई. दुसऱ्यांदा मी त्यांच्याकडं तोंड घेऊन जाऊ शकत नाही."

"पडणार नाही," मी म्हटलं.

१८ मार्च

ताशी तेरा.

५ एप्रिल

चौदा. दिवसातून दोनदा चढ. टाचांना भेगा पडल्यात. वरून खालचा रस्ता दिसतो, साकूरची एस.टी. धूळ उडवत येते. रोज बघते कोण उतरतं ते.

२१ एप्रिल

इसहाक उतरले.

धावत गेले नाही. चढावरूनच पाहत राहिले – वाळलेत, मिशी ठेवलीय. जवळ आले तर म्हणाले, "पाय बघ की तुजे." एवढंच. त्यांच्यापुढं पाणी ठेवलं, ते पिताना बघत राहिले.

२२ एप्रिल

ईस्टर. गाण्याची दुसरी ओळ त्यांनी म्हटली.

मग सांगितलं. कारखान्यात कायम झालेत. खोली मिळाली. "नळ हाय खोलीत, रिबका. सकाळी सहाला पानी येतं. चल. परवाच्या गाडीनं जाऊ."

सहा महिने हेच वाक्य मी मनात त्यांच्या आवाजात ऐकत होते.

२३ एप्रिल

माझ्या जागी नोंद घेईल का बघायला बनुबाईला खिंडीत नेलं. आकडे दाखवले, हात धरून गिरवून घेतले. सहा आणि नऊ तिला एकच दिसतात. उतरताना म्हणाली, "तू जा, पोरी. आमचं काय, आमी आजवर ऱ्हायलोच की." माझ्याकडं न बघता म्हणाली.

इसहाकना सगळं सांगितलं – खोट्या आकड्यांचंसुद्धा. त्यांनी विचारलं, "माज्याबिगर करमतं का तुला?"

"नाही."

"मग?"

मी सरकारी वही त्यांच्यापुढं ठेवली.

२४ एप्रिल

इसहाक सकाळच्या गाडीनं एकटे गेले. पोचवायला खालच्या रस्त्यापर्यंतही जाता आलं नाही. आठची नोंद होती.