फ्लोरेन्सबाईंचं कपाळ

३१ ऑगस्ट १९८९

सुटले! चौतीस वर्षांनी नर्सच्या पांढऱ्या साडीतून सुटले. हार, नारळ, भाषणं — सगळं यथासांग.

घरी येते तर पुतण्याचं, मुकुंदचं, लंडनहून पार्सल! आत चिनीमातीची फ्लोरेन्स नाइटिंगेल. हातभर उंच, हातात दिवा, तळाला नंबर — ४१२. वर चिठ्ठी: ‘काकू, ही संग्राहकांसाठीची आहे. पेटीतून काढू नकोस, किंमत जाते.’ बाहुली आणि काढायची नाही? मग काय आयसीयूत ठेवायची! काढली, टीव्हीवर ठेवली.

सासूबाई चष्मा लावून बघत राहिल्या. “कोण गं ही?” म्हटलं, आमच्या खात्याची मूळपुरुष. “नवरा?” लग्नच नाही केलं. “बरं केलं,” म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

२ सप्टेंबर

एक घोळ आत्ता लक्षात आला. शुक्रवारी महालक्ष्म्यांचं जेवण, संध्याकाळी हळदीकुंकू. दरवर्षी त्या दिवशी मी मुद्दाम ड्यूटी मागून घेते. मैत्रिणींना सुट्टी मिळते, सासूबाईंची अडचण टळते.

मी चोवीस वर्षांची असताना हे गेले. सासूबाईंनीच मला हाताला धरून नर्सिंगच्या शाळेत नेऊन घातलं. पण हळदीकुंकवात विधवेनं पुढं यायचं नाही, ही रीत काही त्यांनी सोडली नाही. मीही कधी बोलले नाही. राग येतो मात्र. अजून येतो.

आता ड्यूटी कुठून आणू?

४ सप्टेंबर

गणपती बसले. थाप ठरली — शुक्रवारी बिडकीनला डोळ्यांचं शिबिर! खरं तर छावणीत मैत्रिणीकडं पत्ते कुटणार. “निवृत्त झालीस ना?” सासूबाई एवढंच बोलल्या.

७ सप्टेंबर

महालक्ष्म्या आल्या आणि घात झाला!

गुलमंडीच्या बाजारातून फुलं घेऊन येते तर फ्लोरेन्सबाई आराशीत! लाकडी बैलजोडी आणि प्लास्टिकच्या हत्तीच्या मधोमध. कपाळाला मेण लावून वर रुपयाएवढं कुंकू!

“सणाची आरास अन् बाईचं कपाळ उघडं? लई वाईट दिसायलं होतं गं.”

“अहो, ती कुणाची सवाष्ण नाही!”

“नसंना. पाहुणी आहे की आपली.”

कुंकू पुसायला स्पिरिट, कापूस, सगळं झालं. बाहुलीच्या चेहऱ्याला झिलई नाही, खरखरीत; रंग आत मुरलेला. पुसता पुसता नाकापर्यंत गुलाबी झाली. जन्मभर डाग काढले, हा निघेना! शेजारच्या आशाबाई डोकावल्या — “ग्वाड दिसायली वो, ऱ्हाऊ द्या!”

माझा तोल गेला. म्हणाले, “चिनीमातीच्या बाईला चालतं, आणि घरातल्या बाईला नाही!”

सासूबाई उठून आत गेल्या. रात्री जेवल्याही नाहीत. नको होतं बोलायला — पण बोलले ते खोटं नव्हतं.

८ सप्टेंबर

पत्ते राहिले. चपला घालत होते तर सासूबाई करंडा घेऊन दारात. मागं आशाबाई आणि गल्लीतल्या साऱ्या बायका. “थांबा गं, आधी हिला,” म्हणाल्या. चांगली मोठी चिमूट माझ्या कपाळावर टेकवली. कुंकू भुवईपर्यंत सांडलं. मी पुसलं नाही.