चाखायला लिडी

११ मार्च, मंगळवार
रस वाहायला लागला! रात्री गारठा, दिवसा ऊन, आणि मेपलच्या झाडांना टांगलेल्या बादल्यांत टपटप सुरू. आणि नेमका आजच सूनबाईंचा, नोरीनचा, फतवा – माझ्या नातीने, लिडीने, रानात पाऊल टाकायचं नाही. पंधरा वर्षांची पोर! स्की बंद, बादल्या बंद, जिनासुद्धा दिवसातून दोनदाच.

"डॉक्टर म्हणालेत, तिचं हृदय फार हळू चालतंय," नोरीन म्हणाली. "ती खात नाहीये, ऑरिन. तुम्हाला दिसत नाही का?"

दिसतं. ऑक्टोबरात घेतलेला कोट आता खुंटीला टांगल्यासारखा दिसतो तिच्या अंगावर. पण उंच व्हायच्या वयात पोरं वाळतातच. त्यात डॉक्टर कशाला?

१४ मार्च
टेबलावर रोज कोर्ट भरतं. नोरीन वाढते, समोर बसते, घास न् घास बघते. "आणखी एक." "नको." "आणखी एक, लिडी." आज बटाट्यांवर पाऊण तास! लिडीने ताट ढकललं – "तू मला मारून टाकतेयस!" नोरीन जागची हलली नाही. दगड आहे ही बाई. माझा मुलगा डेल वाटाणे काट्याने इकडून तिकडे करत बसला. अख्ख्या गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ बाजूला करतो. घरात त्याच्याने एक शब्द बाजूला होत नाही.

आमच्या एका खोलीच्या शाळेत मिस ऑल्डनबाई आम्हाला शेगडीभोवती बसवून कविता पाठ करून घ्यायच्या. डब्यात काय आहे ते कुणी बघत नव्हतं. आम्ही जगलोच की!

२० मार्च
नोरीन दुपारी दोन तास पोस्टात कामाला जाते. तेवढा वेळ लिडी माझ्या ताब्यात. हुकूम – सोफ्यावर बसवून ठेवा.

"ग्रँप, मला रानात ने ना. इथे गुदमरायला होतंय."

नेलं! बर्फावर चालायचे रुंद जोडे चढवले आणि पोर निघाली. सगळ्या बादल्या एकटीने ओतून आणल्या. "तू बस ग्रँप, तुझी हाडं कुरकुरतात, इथपर्यंत ऐकू येतंय." मी ओंडक्यावर बसून शाळेत पाठ केलेली मार्चच्या वाऱ्याची कविता म्हणत होतो. दूर झाडांमधून ती चालत होती, आणि तिचे ओठ हलत होते. डोळे भरून आले. माझ्यानंतर त्या कविता कुणाच्या तोंडी राहणार – तर हिच्या.

नोरीनला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

२९ मार्च
रोज जातो. पोर थकतच नाही. जवळची झाडं सोडून आधी टेकडीपलीकडची धरते. आमच्या घराण्याचं रक्त!

रस आटवून पाक करायच्या भट्टीवर चाखायचं काम नेहमीप्रमाणे तिचंच. दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझी जीभ मेली. गोड आहे एवढंच कळतं, पुढचं काही नाही. पाक उतरवला की मी विचारतो, "कसा झालाय?" "एकदम छान, ग्रँप." की भरल्या बाटल्या.

५ एप्रिल
नोरीनशी जोरात भांडण. "वजन अजून उतरतंय! सहा वेळा खायला घालतेय मी तिला, आणि तरी उतरतंय. जातं कुठे?"

"तुझ्या धाकाने जातं."

"तुम्ही दुपारी तिला बसवून ठेवता ना?"

"हो."

धडधडीत खोटं. तोंडावर बोललो. आणि बरं वाटलं.

७ एप्रिल
पाऊस. रानात गेलो नाही. लिडी दोन तास खिडकीपाशी उभीच. बस म्हटलं तर खेकसली.

११ एप्रिल, शुक्रवार
चर्चची हेझल सकाळी खोकं घेऊन दारात. तिथल्या नाश्त्याला दिलेल्या माझ्या पाकाच्या बाटल्या – सगळ्या परत.

"ऑरिन, हा कुणी चाखला होता का? ओल्या मोज्यांची चव आहे! पोरांनी पॅनकेक थुंकले."

कळ्या फुगल्या की रस कुबट होतो. पाळण्यातल्या पोरालाही कळावी अशी ती चव. लिडीला कळली नाही?

घरात गेलो. "तू चाखलास ना हा पाक?"

"हो."

चमचा भरून पुढे धरला. ती मागे सरकली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत सरकली. चमच्यातून साप निघणार असावा तशी बघत होती.

"एक थेंब, लिडी. माझ्यासाठी."

"नाही जमत, ग्रँप! एक थेंबसुद्धा नाही जमत! सगळा हंगाम मी नुसतं चाखल्यासारखं केलं."

चमचा खाली ठेवला. "मग रानात माझ्याबरोबर कविता म्हणायचीस ती?"

"कसल्या कविता? पावलं मोजत होते मी. ठरवलेली पुरी झाल्याशिवाय मला थांबता येत नाही."

ओंडक्यावर बसून मी रोज डोळे पुसत होतो. गाढव! म्हातारं, रडवं गाढव!

१२ एप्रिल
नोरीन ताटं धूत होती. सगळं सांगितलं. रान, बादल्या, टेकडी. तिने नळ बंद केला.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"एकेक घास भांडून तिच्या पोटात घालत होते मी," ती म्हणाली, "आणि तुम्ही तो रानात नेऊन सांडत होता." ताट फेकून मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

तिने डॉक्टरांना फोन लावला. दोन तासांत लिडी हॉस्पिटलात – छातीला तारा, शेजारी मशीन, खाटेवरून उतरायला बंदी. डेल गाडीत बसवत होता तेव्हा माझ्याकडे बघून ओरडली, "चुगलखोर! मेलास तू माझ्यासाठी!"

रानात बादल्या तशाच लटकताहेत. लटकू देत.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी नोरीनचा फोन. आवाज बसलेला.

"नाश्ता भिरकावला तिने. माझ्यात आता ताकद नाही, ऑरिन. दुपारच्या जेवणाला तुम्ही समोर बसा. आज तिला दुसऱ्या कुणाचा तरी द्वेष करू दे."

बूट घातलेत. निघतो.