खुर्चीमागं उभा

साकोली, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

राग अजून उतरत नाही.

मी "बस" म्हणेपर्यंत अरविंदनं खुर्चीमागं उभं राहायचं, ही आमची रीत. घरात हुकूम माझा चालावा, हे लग्नानंतर त्यानंच लाजत मागितलं होतं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला आज्ञा पाळायला शिकवलं, द्यायला यानं. दोघांपैकी कुणालाही नको झालं तर थांबायचं, एवढं ठरलेलं. किती गोड वर्षं गेली त्यात!

आज धाकटे दीर जेवायला होते. हा सवयीनं खुर्चीमागं उभा. ते हसले, "दादा, कायले उभा होऊन राहिला? वहिनीचा हुकूम लागते का तुले?"

"काय करू बाबा, धाकात ठेवलं हिनं मले," म्हणत हा बसला.

धाकात? मी? स्वतःची आवड सरळ माझ्या माथी मारली!

दीर गेले. आता चहाला बोलावलं, तर पुन्हा खुर्चीमागं, मान खाली.

"बसायचं की नाही, आज तुझं तूच ठरव," मी म्हटलं.

"धाक नाही. मलाच आवडतं," तो पुटपुटला.

"हे मला माहीत आहे. भावाला सांग."

फोन हातात घेऊन अजून उभाच आहे. चहावर साय आली.