बरोब्बर मापाच्या चपला

६ तारीख
पोचले एकदाची! बेट म्हणजे आमच्या शाळेच्या मैदानाहून थोडं मोठं. पाच कॉटेज, प्रत्येकाला आपापला समुद्र. निवृत्तीची ही भेट धाकटीची, म्हणजे माझ्या बहिणीची. गेल्या वर्षी ती इथे राहून गेली. ताई, जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलीस, आता जरा पाय पसरून बस, म्हणाली. मला भरूनच आलं. लहानपणी माझ्या वाटणीची बिस्किटं पळवणारी ही!
पलंगापाशी चपला ठेवलेल्या, बरोब्बर मापाच्या. चहा आल्याचा, बिनसाखरेचा, न सांगता. मॅनेजर हसून म्हणाले, आम्ही पाहुण्यांची आधीच माहिती घेतो.

७ तारीख
शेजारचे डॉक्टर न्याहारीला नव्हते. पहाटेच्या बोटीने गेले म्हणे. पण त्यांच्या चपला पाण्याच्या कडेला होत्या, टोकं समुद्राकडे. अनवाणी कोण बोटीत चढतं? जाऊ दे. चुका शोधायची मास्तरकीची खोड, दुसरं काय.

८ तारीख
आज पलीकडच्या वकीलबाई नाहीत. चपला आहेत. बोट आलीच नाही, मी पहाटेपासून धक्क्यावर होते. फोन लागत नाही.

९ तारीख
मॅनेजर जेवायला गेल्यावर कचेरीत शिरले. माझ्या नावाची फाईल. आत एकच फॉर्म, अक्षर धाकटीचं. मीच गिरवून घेतलेलं, लांबून ओळखेन. चहा आल्याचा. चपलेचं माप सात. पोहता येत नाही. आणि खाली, घरी वाट पाहणारं कुणी नाही.
कुणी नाही? मग तू कोण गं? तुझ्या बाळंतपणात उशापायथ्याशी बसले ती काय शेजारीण म्हणून?

१० तारीख
मॅनेजरांनी सरळ सांगितलं. उद्या माझी पाळी. सुटायचं तर बदली माणूस द्यायचं, एका हाकेला येणारं. धाकटी दोन दिवस रडली म्हणे, मग लिहिलं. कोरा फॉर्म ठेवून गेले.
मी फाडला.

११ तारीख
दुसरा फॉर्म आलाय. चपला दाराबाहेर — मी नाही ठेवल्या — टोकं समुद्राकडे.
धाकटीचं नाव चालत नाही. सुटलेल्याला परत घेत नाहीत.
माझ्या हाकेला येईल अशी एकच. तिची लेक. मावशी म्हणून जीव टाकते. नाही. मेले तरी तिचं नाव —
पायऱ्या वाजतायत.
चहा नको, कोमट दूध. पाण्याला भिते. चपलेचं माप पाच — नाही, साडेपा