तुमच्या पानावरची खीर आणि भुऱ्याचं पोट

अहो,

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि ते जेवण तुम्हालाच बाधलं, असं तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. पेठच्या आक्का आज सकाळच्या एसटीनं गेल्या, घर रिकामं झालं, तेव्हा म्हटलं, खरं काय घडलं ते तुम्हाला सांगून टाकावं. मी बोलते आहे, सूनबाई लिहिते आहे. तिच्या हातच्या कढीबद्दल काही बोलले तर ती गाळील, एवढं धरून चाला.

घडलं ते सगळं तुमच्या भुऱ्यापायी. लोक रिटायर होताना कंपनीतून घड्याळ आणतात. तुम्ही सातपूरहून शर्टाच्या आत ससा घेऊन आलात! म्हणालात, शिफ्टमधल्या मित्राकडे पिल्लं झाली होती. मी विचारलं, मित्राकडे म्हैस व्याली असती तर? तुम्ही हसलात, तो गोळा माझ्या मांडीवर ठेवलात आणि हात धुवायला निघून गेलात. आपल्या घरातली बरीच कामं माझ्याकडे अशीच आली.

तरी खरं ते बोलावं. त्या सशाचं तुम्ही जेवढं केलंत, तेवढं पोरांचं करायला तुम्हाला मिळालं नव्हतं. पोरं लहान होती तेव्हा तुम्ही कधी फर्स्ट शिफ्टला, कधी नाइटला. विलासला तर तुम्ही झोपलेलेच जास्त आठवता. भुऱ्या आला तेव्हा वेळच वेळ होता. सायकलला पिशवी अडकवून पाटाच्या कडेची हरळी आणायला जायचात. मी पोळीचा तुकडा टाकला की म्हणायचात, “अगं, त्याला माणसांचं खाणं देऊ नकोस.” तेव्हा मला वाटायचं, लाड करायचे तर नीट तरी करावेत. गवत काय घालायचं?

तर परवाची गोष्ट. मागच्या ओट्यावर तुमचं पान वाढलं. वडे, भजी, भात, तांदळाची खीर, सगळं तुमच्या आवडीचं. कावळा समोरच्या तारेवर बसलेला, पण खाली उतरेना. मग सुरू झाली विनवणी. विलास म्हणाला, आईला अंतर देणार नाही. सूनबाई म्हणाली, घर नीट सांभाळीन. शेजारचे काकासुद्धा काहीतरी कबूल करून बसले, त्यांचा काय संबंध होता देव जाणे. मी गप्पच होते. कावळा पण गप्प.

आणि तेवढ्यात मागच्या दारातून भुऱ्या आला. टुणटुण करत सरळ पानापाशी गेला आणि खिरीत तोंड घातलं.

विलास त्याला उचलायला वाकला, तर आक्कांनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, “हात लावू नको. माझा भाऊ आलाय. लय भुकेला हाय तो.”

झालं! सगळ्यांनी हात जोडले. कुणी हसेल म्हणावं, तर कुणी हसेना. मलाही हसू आलं नाही हो. खीर त्याच्या मिशांना लागली होती, आणि तुम्हीही खीर अशीच खायचात. मी कितीदा सांगायची मिशा पुसा म्हणून. मीही हात जोडले. आक्कांनी आणखी खीर वाढली, भात कालवला, वडा कुस्करून पुढे केला. त्यांचे डोळे वाहत होते आणि भुऱ्या खात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धान्याच्या कोठीमागे अंग चोरून बसलेला. हरळी ठेवली, हुंगलीसुद्धा नाही. कान मागे टाकलेले आणि दात करकर वाजत होते. उचलला तर पोट तबल्यासारखं ताठ. खाली बघितलं तर एक लेंडी नाही. ज्या लेंड्या झाडून माझी कंबर गेली, त्या मी पदर खोचून घरभर शोधत होते.

आक्का चहा पीत होत्या. म्हणाल्या, वहिनी, घाबरू नको, गॅस धरला असंल, ओव्याचं पाणी पाज. थोड्या वेळानं येऊन त्याच्याकडे बघितलं आणि आवाज एकदम मऊ केला. “त्याचं पोट भरलं, आत्मा तृप्त झाला. आता त्याला अडवू नको. सुटू दे.”

तुम्हाला ठाऊक आहे, आक्कांना मी कधी उलटून बोलले नाही. पण गॅस हा शब्द कानावर पडला आणि मला ती दुपार दिसली. तुम्ही छातीवर हात धरून पलंगावर बसलेले. रिक्षा बोलावते म्हटलं तर म्हणालात, “नुसता गॅस झालाय गं, ओवा दे.” मोठ्या ऐटीत म्हणालात! जन्मभर तुमच्या पोटाची थट्टा केली मी, त्या दिवशी तरी का ऐकावं तुमचं? पण तुमचा हट्ट, तुमचा ओवा, आणि रिक्षा यायच्या आत तुम्ही नाहीत. यावरून मी तुमच्याशी अजून भांडलेले नाही. भांडायला माणूस समोर लागतो.

मी आक्कांना म्हटलं, “एकदा गॅस म्हणून सोडलं, आक्का. आता नाही.”

पायात चपला घातल्या, भाजीच्या टोपलीत भुऱ्याला ठेवला आणि विलासला म्हटलं, स्कूटर काढ. टोपली मांडीवर घेऊन मी मागे बसले. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला त्याच्या पाठीवर हात ठेवत होते.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते, पण ओरडायला घाबरले नाहीत. सशाला ओकता येत नाही, त्याचं आतडं चालूच राहावं लागतं, थांबलं की वारा आतच कोंडतो आणि जीव जातो, म्हणाले. विलासनं खिरीचं सांगितल्यावर म्हणाले, गोड आणि पिठूळ खाणं म्हणजे त्याला विषच. मग विचारलं, याला खीर घातली कुणी? मी म्हटलं, “त्याच्या बहिणीनं.” डॉक्टर म्हणाले, “सशाच्या?” आता त्यांना काय सांगू?

दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, तान्ह्या बाळाला देतात तसले पोटातल्या वाऱ्याचे थेंब दिले. ऊब द्या, पोटावरून हलका हात फिरवा, थोडं चालवा, ओवा-बिवा काही नको, म्हणाले. मी तसंच केलं. दिवसभर जमिनीवर बसून हात फिरवत होते, आणि नुसतं काय बसायचं, म्हणून बोलत होते. विलासची बदली अंबडला झाली, नळाला पाणी कमी येतं, सूनबाईला पगार वाढला. वर्षभराचं सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता का, कोण जाणे. तुम्ही तरी कुठे ऐकायचात?

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला तो उठला, दोन उड्या मारल्या आणि मागे चार वेड्यावाकड्या लेंड्या. मी इतक्या जोरात हाक मारली, की सूनबाई लाटणं घेऊनच आली. आक्का आल्या, वाकून बघितलं आणि चक्क नमस्कार केला. मग म्हणाल्या, “माझा भाऊ जात नाही गं, राहतोय अजून.” मी हरळीची काडी भुऱ्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ती खाल्ली.

तो भुऱ्याच आहे, तुम्ही नाही, हे मला कळतं. तुम्ही असतात तर परत खीर मागितली असती.

पुढच्या वर्षी पान वाढू तेव्हा तो आतल्या खोलीत असेल, दाराला कडी घालून. तुम्ही आपले पंखांनी या, वडे गरम ठेवीन. आणि एक कबूल करते. परवा कावळ्यापुढे माझ्या तोंडून काही निघालं नाही, ते आता सांगते. या घरात माणूस असो की जनावर, कुणाचंही दुखणं ‘नुसता गॅस’ ठरलं, की मी कुणाला विचारत बसणार नाही. सरळ चपला घालीन.

तुमची,
अगं