साखरेचं फूल

हामामात्सु, जपान,
१९ ऑगस्ट १९९३

प्रिय इव्होन,

तुझं पार्सल देवाच्या कृपेने जूनमध्येच पोचलं. कॉफी दोन किलो, पेरूच्या वडीचे तीन डबे, आपल्या चर्चमधल्या आपारेसिदा मातेची तसबीर आणि आजींची चिठ्ठी. वरच्या टपाल तिकिटांची किंमत मी दोनदा मोजली. एवढा खर्च पुन्हा करू नकोस. पोच द्यायला ऑगस्ट उजाडला, कारण चिठ्ठीतली वस्तू सापडत नव्हती.

आजींनी सांगितलंय, सातव्या वर्षी इथून ब्राझीलच्या बोटीत बसण्याआधी खाल्लेलं पांढरं-गुलाबी फूल, आई वर्षातून एकदाच हातावर ठेवायची, तेवढं पाठवा. नाव आठवत नाही. खाली तू लिहिलंस, हल्ली त्या काहीच खात नाहीत.

तेव्हापासून दर शनिवारी मिल्तोन कारखान्यातून येताना अनोळखी पुड्या आणतो आणि आम्ही तिघं प्रार्थना करून चाखायला बसतो. तांदळाचे खारे पापड, आंबट गोळ्या, माकूल नावाची वाळवलेली मासळी. लुआना म्हणाली, "आई, हे समुद्रात धुतलेल्या मोज्यासारखं लागतं!" तुझ्या भावाचा चेहरा जपानी, पण वाचता एक अक्षर येत नाही. दुकानदार बोलतो, हा मान डोलावतो. एकदा शोभेच्या माशांचं खाद्य घेऊन आला. मी अजून चिडवते, "साहेब, आज माणसांचं आणलंत ना?"

गेल्या शनिवारी त्याने साखरेची कमळं आणली, ३९८ येनला. जिभेवर ठेवलं आणि विरलं. "सापडलं!" म्हणून तो ओरडलाच. मी आनंदाने ताटली घेऊन शेजारच्या मोरिशिता काकूंकडे गेले. त्या दोन पावलं मागे सरल्या आणि मला कळेल अशा सावकाश जपानीत म्हणाल्या, "अगं, उष्टावलंत की काय? हे मेलेल्यांचं! पितरांच्या दिवसांत त्यांच्यापुढे ठेवायचं, उतरवलं की मग घरच्यांनी खायचं."

वर्षातून एकदाच. इव्होन, आजींच्या घरी ते कोणापुढे ठेवत असतील? इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवलो, कुणी विचारलं नाही.

मिल्तोन आता ती फुलं टपालात टाकू देत नाही. "जिवंत आजीला मी माझ्या हाताने मेलेल्यांचा खाऊ पाठवू?" म्हणतो आणि तोंड फिरवतो. त्याला तिकडे यायला रजा नाही, मला उपाय नाही. मी एक फूल मातेच्या तसबिरीपुढे ठेवून उतरवलं. माझ्या मते आता ते जिवंतांचं झालं. पण माझं कोण ऐकतं?

फोनवर आजींना ऐकू येत नाही, आणि आपण दोघी रडेपर्यंत कार्ड संपतं. म्हणून लिहिते. तूच त्यांच्याजवळ बसून, कानाशी लागून विचार, ते फूल कोणाचं होतं आणि तरीही हवंय का. त्या हो म्हणाल्या तर तुझा भाऊ नाही म्हणणार नाही. डबा बांधून ठेवलाय, फक्त पत्ता घालायचा आहे. उलट टपाली कळव. उशीर झाला, तर ही फुलं कोणापुढे ठेवायची ते मला आता विचारावं लागणार नाही.

तुझीच वहिनी,
झुल्मीरा